फौंड्रीची नोंदवही आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

कोल्हापूर हे जसे गुळाचे, तसेच ओतीव लोखंडाचेही गाव आहे. उसाच्या मळ्यांना पाणी पुरविणाऱ्या ऑईल इंजिनांच्या सुट्या भागांवर येथील फौंड्री व्यवसायाने बाळसे धरले. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत मोटारी, ट्रॅक्टर, पंप व व्हॉल्व्ह यांची कास्टिंग तयार होतात. त्यांत मोठे कारखाने आहेत, तसेच २०-२५ कामगारांच्या बळावर चालणाऱ्या लहान फौंड्र्याही आहेत. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वसामान्यांच्या हाती आले, तेव्हापासून ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द या लहान कारखानदाराच्या कानीही सतत पडत आहे. ती कोणाकडून व कितीला विकत घ्यावी, हा प्रश्न तो प्रथम विचारतो. वास्तविक हा प्रश्न बराच नंतरचा होय.

लहान फौंड्रीचे खरे दुखणे म्हणजे रिजेक्शन. सदोष कास्टिंग पुन्हा भट्टीत टाकता येते, त्यामुळे लोखंड वाया जात नाही, असे वरवर पाहता वाटते. परंतु एक टन लोखंड वितळविण्यासाठी विजेच्या भट्टीत साधारणतः ६०० युनिटच्या आसपास वीज लागते. ती वीज, साच्याची व कोअरची मजुरी आणि गेलेला दिवस यांतले काहीच परत मिळत नाही. त्यातून दोष जर ग्राहकाच्या कारखान्यात, यंत्रावर कातकाम होत असताना उघडकीस आला, तर त्या कातकामाचा भुर्दंडही फौंड्रीच्या माथी बसतो.

दोषाचे मूळ बहुधा किरकोळ दिसणाऱ्या गोष्टींत असते. साचा वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी यांच्या मिश्रणाचा असतो. पाणी सामान्यतः शेकडा ३ ते ४ च्या दरम्यान राखले जाते. ते वाढले की तप्त रसाच्या स्पर्शाने वाफ होऊन कास्टिंगमध्ये पोकळ्या, म्हणजे ब्लो होल, राहतात. ते घटले की साच्याची कड ढासळून वाळू लोखंडात मिसळते. रस थंड झाला असता तो साच्यात सर्वत्र पोचण्यापूर्वीच गोठू लागतो. शिवाय ही कारणे एकेकटी येत नाहीत. जुना मिस्त्री मूठभर वाळू दाबून, मोडून पाहतो आणि ‘आज पाणी कमी घाला’ असे सांगतो. त्याचा अंदाज पुष्कळदा बरोबर ठरतो. पण तो कोठेही लिहिलेला नसतो, आणि मिस्त्री निवृत्त झाला की त्याच्याबरोबरच जातो.

नोंदीवाचून शिकणे नाही

कृत्रिम बुद्धिमत्ता येथे जे करू शकते ते असे: मागील शेकडो हीटच्या नोंदी तपासून, वाळूचा ओलावा, रसाचे तापमान व रासायनिक घटक कोणत्या प्रमाणात असताना कोणता दोष अधिक निघाला, याचा संबंध ती शोधते आणि आजच्या हीटबद्दल आगाऊ इशारा देते. यात जादू काही नाही. नोंदीच नसतील तर शिकण्यासारखेही काही नाही.

नोंद असते, पण कशी? ‘आज माल खराब, ११ नग’ एवढी. कोणत्या भागाचे, कोणत्या हीटचे, कोणत्या दोषाचे, हे त्यात नसते. ग्राहकाकडून तीन आठवड्यांनी परत आलेल्या कास्टिंगवर हीट क्रमांकच नसेल, तर त्या सकाळी वाळू कशी होती हे कोणाला सांगता येणार? म्हणून पूर्वतयारीतील पहिले काम प्रत्येक कास्टिंगवर हीट क्रमांक उमटविण्याचे आहे. दुसरे काम दोषांची नावे सर्व पाळ्यांत एकच ठेवण्याचे. एक पाळी ज्याला ‘ब्लो’ म्हणते त्याला दुसरी ‘भोक’ म्हणत असेल, तर संगणक ते दोन निरनिराळे दोष समजेल. ओलावा व तापमान मात्र मापकाने मोजूनच लिहिले पाहिजे.

अशा नोंदी निदान एक उन्हाळा व एक पावसाळा ठेवाव्यात. दोन्ही ऋतूंत वाळूची वागणूक सारखी नसते. पुष्कळदा असेही होते की, त्या साध्या तक्त्यात मांडताच दोषाचे कारण डोळ्यांसमोर येते. मग पुढील खर्च न केलेलाच बरा.

यातील सर्वांत कठीण भाग यंत्राचा नसून माणसांचा आहे. रिजेक्शनची नोंद झाली की पगार कापला जातो, असा अनुभव असलेला कामगार नोंद लपविणारच. खोट्या नोंदींवर शिकलेली यंत्रणा खोटाच इशारा देईल. यास्तव नोंदवही दंडासाठी वापरली जाणार नाही, हे मालकाने प्रथम सांगावे लागते आणि नंतर पाळावेही लागते. मिस्त्रीलाही विश्वासात घेणे अगत्याचे आहे. यंत्राच्या इशाऱ्याची पारख तोच करू शकतो. शिवाय त्याचे आडाखे नोंदीत उतरल्याशिवाय ती यंत्रणा अपुरीच राहणार. मिस्त्री लिहिण्यास नाखूष असेल तर तो सांगेल ते मराठीतच कोणीतरी टिपून घ्यावे. बोललेले शब्द लिखित रूपात आणण्याची साधनेही आता मराठीत आहेत. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेला ‘भाषिणी’ हा उपक्रम याच दिशेचा आहे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली भागांची रेखाचित्रे फुकट मिळणाऱ्या सेवांवर चढवू नयेत. करारातील गुप्ततेचा भंग होऊन कामच हातचे जाण्याचा संभव असतो. कामगारांच्या वैयक्तिक माहितीसाठी तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाच आहे.

मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १० हजार ३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेस मंजुरी दिली. तिचा लाभ लहान फौंड्रीपर्यंत पोचण्यास अवधी लागेल. दरम्यान औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतनांतील शिक्षकांना बरेच काही करता येण्याजोगे आहे. प्रशिक्षणार्थींच्या एका तुकडीने जवळच्या फौंड्रीत एकाच कास्टिंगची सहा महिन्यांची नोंद तक्त्यात उतरविली, तरी मालकाच्या हाती काहीतरी निश्चित पडेल. या फौंड्र्यांतील कामगार बहुतांशी आसपासच्या खेड्यांतून येतात. त्यांच्यापैकी लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणांना तापमापक व ओलावामापक वापरण्याचे, तसेच संगणकावर नोंद करण्याचे शिक्षण गावातच मिळावे, यासाठी ग्रामपंचायतीने अशा संस्थेशी संपर्क साधल्यास त्यास फार खर्च येणार नाही.