दारची हिरवळ पिवळी का पडते?



हरळी म्हटली की आपल्या कपाळाला आठी पडते. उसाच्या सरीत ती एकदा शिरली की खुरपून हात दुखतात, पण ती काही हटत नाही. आणि हीच हरळी शाळेपुढे, दवाखान्यापुढे नाहीतर नव्या घराच्या दारात हौसेने लावली, की दोन वर्षांत पिवळी पडते. जागोजागी टक्कल पडते. जयसिंगपूर आणि आसपासच्या गावांतून हीच तक्रार येते : "साहेब, पाणी रोज देतो, युरिया टाकतो, तरी हिरवळ जळतेच." उत्तर त्या तक्रारीतच आहे, बरं का!

मूळ दुखणे कुठे आहे?

आपल्या शिरोळ तालुक्यातून कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्या वाहतात. नदीकाठची जमीन भारी काळी. ती पाणी धरून ठेवते, पण लवकर सोडत नाही. अशा जमिनीला रोज वरून पाणी मारले की मातीतल्या पोकळ्या भरून राहतात आणि मुळांना हवा मिळत नाही. मग मुळे खोल न जाता वरच्या दोन बोटांतच पसरतात. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मात्र वर राहतात. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मचूळ असेल, तर दर पाण्याला क्षाराची भर पडते. आपली उसाची राने क्षारपड झाली ती याच वाटेने.

ही चूक मी स्वतःही केलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेपुढची दोन गुंठ्यांची हिरवळ पिवळी पडलेली पाहिली आणि माती न तपासताच युरिया आणि रोज पाणी असा सल्ला देऊन आलो. महिन्याने गेलो तर निम्मी हिरवळ वाळलेली आणि जमिनीवर पांढरी पूड. मुलांनी श्रमदानाने लावलेली हिरवळ होती ती. तेव्हापासून आधी जमीन बघतो, मग खताचे बोलतो.

आधी तपासणी

१. फूटभर खोल खड्डा काढून पाण्याने भरावा. ते जिरले की पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले, तर निचरा नाही असे समजावे.

२. माती आणि पाणी, दोन्हींचे परीक्षण करून घ्यावे. जमीन क्षारयुक्त आहे की चोपण, ते अहवालावरून कळते. सामू 8.5 च्या वर गेला असेल तर जमीन चोपण होत असल्याची शंका घ्यावी.

३. जिप्सम चोपण जमिनीसाठी असते. किती घालायचे ते अहवालावरूनच ठरवावे. शेजाऱ्याने टाकले म्हणून आपण टाकू नये. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत जिप्समपेक्षा निचरा आणि गोडे पाणी महत्त्वाचे.

दुरुस्तीचा क्रम

पहिले काम पाण्याला वाट देण्याचे. शंभर फुटांना एक ते दीड फूट उतार ठेवावा. कडेने फूटभर खोल चर काढून तो सखल भागाकडे सोडावा. हे पावसाळ्याआधी झाले, तर पावसाचे गोडे पाणीच क्षार धुऊन नेते. चर नसेल तर तेच पाणी तिथे तुंबते.

दुसरे काम जमीन पोकळ करण्याचे. वाफसा आल्यावर पहारीने वीतभर अंतरावर चार-चार इंच खोल भोके पाडावीत. ओल्या चिखलात हे काम करू नये, जमीन आणखी दबते. भोकांत जाडी वाळू आणि पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत निम्मे-निम्मे मिसळून भरावे. कच्चे शेणखत वापरू नये, त्यातून तणाचे बी येते.

तिसरे काम टक्कल भरण्याचे. जून-जुलैत हरळीचे दोन-तीन डोळ्यांचे ताजे तुकडे चार-चार इंचांवर टोचावेत आणि पायाने हलके दाबावेत. झाडाच्या दाट सावलीत मात्र हा खटाटोप करू नये. हरळीला ऊन लागते.

2005, 2019 आणि 2021 साली महापूर आले, तसा पूर येऊन गाळ बसला, तर वाफसा येईपर्यंत हिरवळीवर पाय ठेवू नये. बोटभर जाडीपर्यंतचा गाळ फोडून विस्कटावा, हरळी त्यातून वर येते. त्याहून जाड थर मात्र खरवडून काढावा.

पुढची निगा

पाणी : रोज शिंपडू नये. उन्हाळ्यात एका गुंठ्याला आठवड्याला अडीच ते तीन हजार लिटर, दोन वेळा विभागून, पहाटे द्यावे. मुळे ओलाव्यामागे खाली जातात. पिण्याच्या पाण्याची ओढ असेल तिथे हिरवळ थोडीच लावावी.

कापणी : एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नये. दीड इंच उंची ठेवावी. बुडापासून खरडली की ऊन थेट मातीवर पडते आणि तण माजते.

खत : निचरा सुधारल्यावरच द्यावे. वाढीच्या दिवसांत सहा आठवड्यांनी गुंठ्याला 1 किलो युरिया पुरतो. पाने कोरडी असताना टाकून लगेच पाणी द्यावे.

लव्हाळा : नुसता कापून जात नाही, खाली गाठी राहतात. रोप लहान असतानाच गाठीसकट उपटावा.

हुमणी : ठिपक्या-ठिपक्यांनी हिरवळ वाळली आणि ओढल्यावर चटईसारखी उचलली गेली, तर खाली उकरून पाहावे. पांढरी, वाकडी अळी सापडली तर वेचून मारावी. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभळीवर जमणारे भुंगेरे झाडे हलवून पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. त्याने शेजारच्या उसाचेही रक्षण होते.

शेवटी एक सांगणे

हरळी चिवट आहे. बरेच क्षारही ती सोसते. तीच जिथे पिवळी पडते, तिथे जमीन किती दमली असेल याचा विचार करा. आपल्या तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून क्षारपड राने पुन्हा पिकाखाली आणली आहेत. रानात पाइप, दारात चर, तत्त्व एकच : आधी निचरा, मग पाणी, शेवटी खत.

तेव्हा युरियाचे पोते फोडण्याआधी दारात एक खड्डा काढा आणि पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशी काय दिसले ते लिहून कळवा, कार्यक्रमात त्यावर जरूर बोलू.