चाकावरचे बिऱ्हाड आणि उतारवयातले घर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाचे आसनामागे. जेमतेम माणूस मावेल एवढी फळी, एक चादर, पाण्याचा कॅन, स्टोव्ह आणि कपड्यांची पिशवी. न्हावा शेवा बंदरातून माल भरून दिल्लीकडे वा बंगळुरूकडे निघालेला चालक महिन्यातले बहुतेक दिवस एवढ्याच संसारात काढतो. कुटुंब असलेल्याला परतायला घर असते. अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित चालकाबद्दल मात्र ‘एकटा जीव सदाशिव, त्याला कशाला हवे घर?’ असे आपण सहज म्हणून जातो. तरुणपणी ते खपतेही. पन्नाशी उलटते, रक्तदाबाची गोळी सुरू होते आणि मग प्रश्न पडतो, की चार दिवस अंथरूण धरावे लागले तर ते पसरायचे कुठे? हा प्रश्न त्याचा आहे, तसाच त्याच्या काळजीत असलेल्या वृद्ध आईवडिलांचा आणि भावंडांचाही आहे. म्हणून त्याच्यापुढचे पर्याय एकेक करून तपासू.

गाडीतच मुक्काम

खोलीचे भाडे वाचते, हे या पर्यायाचे एकमेव आकर्षण. त्याची किंमत शरीर मोजते. उकाडा, डास, शेजारच्या गाड्यांचे भोंगे आणि माल चोरीला जाण्याची धास्ती यांमुळे झोप तुकड्यातुकड्यांत होते. स्वच्छतागृह जवळ नसल्याने पाणी कमी पिण्याची सवय लागते आणि मूतखड्याचा धोका वाढतो. नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले आहे. ही सोय स्वागतार्ह असली, तरी रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत. बंद केबिनमध्ये स्टोव्ह पेटवणे किंवा कोंदट जागेत इंजिन चालू ठेवून झोपणे तर जिवावर बेतू शकते. विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपलेल्याला तो जाणवतही नाही. गाडी हा वाटेतला मुक्काम आहे, तिला घर मानू नये.

तळाजवळची वाटणीतली खोली

कळंबोली, वडाळा किंवा निगडीची ट्रान्सपोर्टनगरी अशा ठिकाणी चार-पाच चालकांनी मिळून एक खोली घेण्याची पद्धत आहे. सगळे एकाच वेळी क्वचितच मुक्कामी असतात, त्यामुळे भाडे परवडते. ताप आला तर पाणी द्यायला कोणी असते, हा मोठा आधार. पण एकाची रात्र ती दुसऱ्याची दुपार असल्याने झोपमोड होते. त्यात धूर आणि दारू यांची संगत जडण्याचा धोकाही असतो. खिडकीला जाड पडदा, स्वतःची स्वतंत्र खाट आणि दाराला भक्कम कुलूप हा खर्च वायफळ समजू नये.

एकट्या पुरुषाला खोली द्यायला घरमालक कां-कू करतात आणि दिलीच तर तोंडी बोलीवर देतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. करारामुळे पत्त्याचा पुरावाही मिळतो. बँक, आधार आणि शासकीय योजना, सर्वत्र तो लागतो.

गावचे वडिलोपार्जित घर

बहुतेकांच्या मनात हाच पर्याय असतो. आयुष्यभराची कमाई भावाच्या घरबांधणीत घालायची आणि म्हातारपणी पुतण्यांच्या आश्रयाला जायचे. अनेक घरांत हे प्रेमाने निभावतेही. तरीही कागद नीट असला की प्रेमावरचा भार हलका होतो. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर आपले नाव आहे का, हे रजेवर येईल तेव्हा चालकाने स्वतः पाहावे. पुतण्याच्या नावे बक्षीसपत्र करायचे असेल, तर ‘मला सांभाळण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात स्पष्ट लिहून घ्यावेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे, अशी अट मोडली गेल्यास ज्येष्ठ नागरिकाला ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठालाही त्याची मालमत्ता ज्याच्याकडे आहे वा ज्याला वारशाने मिळणार आहे, अशा सक्षम नातेवाइकाकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क हाच कायदा देतो. त्यासाठी निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

स्वतःची लहानशी खोली

ऐपत असेल, तर हा सर्वांत निर्धास्त पर्याय. मात्र जागा आजच्या गोदामाच्या सोयीने निवडू नये, उद्याच्या गुडघ्यांच्या सोयीने निवडावी. तळमजला, कमोड, न्हाणीघरात धरायला दांडी, दवाखाना हाकेच्या अंतरावर आणि बहीण किंवा भाऊ त्याच गावात असावा. कंबर व गुडघे वर्षानुवर्षे क्लच दाबून झिजलेले असतात. तिसऱ्या मजल्यावरची स्वस्त खोली साठीनंतर कैदखाना होते. एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असू द्यावी.

वृद्धाश्रमाचाही विचार कमीपणा न मानता करावा. प्रवेशाच्या वेळी जबाबदार व्यक्तीची सही लागते का आणि अंथरुणाला खिळल्यावर संस्था सांभाळते का, हे दोन प्रश्न आधीच विचारावेत.

घरच्यांनी काय करावे?

परवान्याच्या नूतनीकरणाची वाट न पाहता चालकाची दृष्टी, रक्तदाब आणि साखर दर वर्षी तपासून घ्यावी. डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत गाडीत, एक घरी ठेवावी. इन्सुलिन घेणाऱ्याने तापलेल्या केबिनमध्ये ते उघडे ठेवू नये. अटल पेन्शन योजनेत चाळिशीपर्यंतच प्रवेश मिळतो, म्हणून तरुण चालकाला आजच आठवण करावी. सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. तेही कार्ड काढून ठेवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा विषय चालक धडधाकट असतानाच काढावा. ‘गाडी सोडल्यावर तू कुठे राहणार?’ असे विचारले, तर एकटा माणूस दुखावतो. ‘तुझी खाट कुठे टाकू?’ असे विचारले, तर त्याला आपले माणूस असल्याची खात्री पटते.