कम्युनिटी कॉलेजातून बर्कली: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट-सनीव्हेलच्या मराठी घरांत मार्च महिना जड जातो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे (यूसी) निकाल लागतात, बर्कलीचा नकार येतो आणि कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, "मग आता कम्युनिटी कॉलेज?" जणू पोर नापासच झालं. हा खाली आलेला आवाज मला फार खटकतो. बारावीच्या कट-ऑफचा धसका आपण सातासमुद्रापार घेऊन जातो आणि तिथल्या मुलांच्या गळ्यात घालतो.

ही वाट म्हणजे मागचं दार, हा सगळ्यात घट्ट रुतलेला गैरसमज. वस्तुस्थिती अशी की ती राज्यानेच ठरवून बांधली. राज्याच्या उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये यूसीने पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत ४० टक्के आणि पुढच्या दोन वर्षांत ६० टक्के विद्यार्थी ठेवावेत असं धोरण आखलं गेलं. वरच्या वर्गांतल्या जास्तीच्या जागा कम्युनिटी कॉलेजांतून येणाऱ्यांसाठीच. (या कॉलेजांना तेव्हा ज्युनियर कॉलेज म्हणत. आपल्या अकरावी-बारावीशी त्यांचा संबंध नाही. तिथे पदवीची पहिली दोन वर्षं होतात.) डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाणारी मुलं आपण पाहिली आहेत, हे त्याच जातीचं, फक्त प्रवेश तिसऱ्या वर्षाला. यूसीची लॉस एंजेलिसची शाखा यूसीएलए ट्रान्सफरने, म्हणजे अशा तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाने, ज्यांना घेते, त्यांतले दहापैकी नऊहून जास्त याच कॉलेजांतले असतात. तिथे ट्रान्सफरच्या अर्जदारांत साधारण चौघांत एकाला जागा मिळते. शाळेतून थेट अर्ज करणाऱ्यांत दहांत एकालाही नाही.

"शाळेतले गुण पाठ सोडणार नाहीत" हेही खरं नाही. ट्रान्सफरच्या निवडीत यूसी शाळेतले गुण पाहत नाही, कॉलेजातले पाहते. स्टॅनफर्डसारखं खाजगी विद्यापीठ मात्र शाळेची गुणपत्रिकाही मागतं.

हमी-प्रवेशाबद्दल उलटा गैरसमज आहे, की कुठेही जागा पक्कीच. टॅग नावाची हमी डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहाच कॅम्पस देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. हमी एकाच कॅम्पसची मागता येते, अर्ज सप्टेंबरात करायचा असतो, आणि नंतर यूसीचा नेहमीचा अर्ज भरावाच लागतो. कॉम्प्युटर सायन्ससारखे फार मागणीचे विषय काही कॅम्पसनी हमीतून वगळलेत. अंगठ्याएवढ्या अक्षरात लिहावी अशी ही ओळ, पण ती हमखास वाचायची राहते.

खर्चाचं थोडक्यात: कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्या रहिवाशांना एका सेमिस्टर युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर, म्हणजे दोन वर्षांच्या ६० युनिटचे २,७६० डॉलर. पुण्या-नाशिकहून एफ-१ व्हिसावर थेट जाणाऱ्यांना ही फी लागू नाही. त्यांना कित्येक पट भरावी लागते.

आणि आता जिथे मुलं खरोखर अडकतात ते. साठ युनिट जमले की झालं, असं वाटतं. तसं नसतं. असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट उघडून आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि विषय निवडा. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स दिसतो, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा तुमच्या कॉलेजचा. काही ओळींत उजवीकडे लिहिलेलं असतं की समकक्ष कोर्सच नाही. मग तो कोर्स शेजारच्या कॉलेजात जाऊन करायचा. पण त्यातही मेख आहे. कपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात कॅल्क्युलस चार क्वार्टरांत (तिमाही सत्रांत) विभागलेलं आहे. मध्येच सेमिस्टरच्या कॉलेजात गेलं की साखळी तुटते आणि काही भाग पुन्हा करावा लागू शकतो. दोन वर्षांची तीन होतात ती बऱ्याचदा अशीच, अभ्यासात कमी पडल्याने नव्हे. म्हणून पहिल्या सत्राचे कोर्स नोंदवण्याआधी हे पान छापून काउन्सेलरसमोर बसा, आणि ज्या ओळींत उजवी बाजू रिकामी आहे त्यांच्यापासून बोलायला सुरुवात करा.