यीस्टच्या पोटातले तेल

पूर्वी पाथरी भागात ज्वारीच्या रानाला कडेने करडईची काटेरी ओळ असे. ढोरांपासून राखण व्हायची आणि घरापुरते तेलही निघायचे. आता रानात सोयाबीन आणि ऊस. देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. तेव्हा उसाच्या मळीवर पोसलेल्या यीस्टमध्ये तेल साठते असे कानी आले, तर आपल्याकडचा शेतकरी कान टवकारणारच.

गोष्ट खरी आहे. पाव फुगवणाऱ्या यीस्टची काही भावंडे कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक चरबी साठवतात. ‘यारोविया लायपोलिटिका’ त्यांतलेच. त्याचा एक वाण मुंबईजवळच्या तेलकट समुद्राच्या पाण्यात सापडला. पुणे विद्यापीठातील संशोधकांनी तो तळणाच्या टाकाऊ तेलावरही वाढवून पाहिला. बायोडिझेलसाठी त्याची चरबी कितपत चालेल, याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण चंब्यातले पाणी गढूळले म्हणजे तेल झाले, असे नव्हे. आरपार जाणारा प्रकाश किती अडतो, यावरून पेशींची वाढ कळते. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत ती उलाढाल, शिल्लक वेगळी. नत्र भरपूर असेल तोवर पेशी नुसत्या वाढत राहतात. नत्र संपले आणि साखर उरली, की नव्या पेशी घडवता येत नाहीत, मग उरलेल्या साखरेची चरबी होते. म्हणून ठरावीक तासांनी नमुना काढायचा, पेशी धुऊन वाळवून तोलायच्या, पाण्यात साखर आणि नत्र किती उरले ते पाहायचे. ‘नाईल रेड’ हा रंग घातला की सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतले तेलाचे थेंब उजळतात. पक्का आकडा मात्र तेल काढून तोलल्यावरच. आणि साखर संपल्यावरही चंबू हलवत राहिलात, तर यीस्ट आपलीच पुंजी खाऊ लागते!

हिशेबही कडक आहे. किलोभर तेलाला साधारण पाच किलो साखर लागते. वर हवा खेळवणे, पेशी फोडणे यांचा खर्च. मळीला तर मद्यार्काचे गिऱ्हाईक दारात उभे. फोडणीच्या तेलासाठी असा कर्जप्रस्ताव आला असता तर मी परत पाठवला असता. त्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाण बरा. टाकाऊ तेलावरचा प्रस्ताव मात्र ठेवून घेतला असता, आणि एवढेच विचारले असते: चंबू कोणत्या तासाला थांबवला, आणि त्या तासाला कोरडे वजन किती, तेल किती?