संशय आला, तर कळवायचं कुठे?

परदेशी व्यक्ती बेकायदा राहत असल्याचा संशय असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी माहिती द्यावी. व्हिसा आणि नोंदणीचं काम विदेशी नागरिक नोंदणी कार्यालय पाहतं. 1 सप्टेंबर 2025पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्यात वैध पासपोर्ट वा व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गोव्यातल्या होमस्टेवाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं: परदेशी पाहुण्याची नोंद ऑनलाइन करणं ही मालकाचीच जबाबदारी.

तक्रारीत पाहिलेलं लिहा, ऐकलेलं नको. भाषा, पेहराव, आडनाव हा पुरावा होऊच शकत नाही. इतकी काळजी घ्यायची, कारण आपण भारतीय आहोत हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने पकडलेल्या माणसावरच टाकला आहे, आणि हातावर पोट असणाऱ्याकडे कागदांची फाइल तयार नसते. जून 2025मध्ये मुंबई परिसरातून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेशात ढकललं गेलं. ते भारतीय असल्याचं कळल्यावर त्यांना परत आणावं लागलं.

कुणाला त्रास व्हावा म्हणून जाणूनबुजून खोटी खबर देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 217नुसार गुन्हा आहे. घरमालकाशी भांडण असेल, तर अशी खबर हा मार्ग नव्हे; त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे.