कॅमेरा आणि कायदा (भाग ७) : न ऐकू आलेली किंकाळी

गेल्या भागाच्या शेवटी एका व्हिडिओ कॅसेटचा उल्लेख केला होता. २८ मिनिटांच्या त्या कॅसेटचं नाव ‘द सायलेंट स्क्रीम’, साल १९८४. निर्माते डोनाल्ड स्मिथ, दिग्दर्शक जॅक डॅबनर. ही दोन्ही नावं आज अमेरिकेतही फारशी कुणाच्या लक्षात नाहीत. लक्षात राहिला तो पडद्यावर बोलणारा माणूस, डॉ. बर्नार्ड नॅथन्सन. त्यांनी आवाज आणि नाव नसतं दिलं, तर ती कॅसेट चर्चच्या तळघरातल्या कपाटात धूळ खात पडली असती. म्हणून आजचा भाग त्यांच्यावर.

नॅथन्सन यांचा जन्म १९२६ साली न्यू यॉर्कमध्ये, ज्यू कुटुंबात झाला. वडील स्त्रीरोगतज्ज्ञ होते आणि मुलानेही तीच वाट धरली. त्या काळी न्यू यॉर्कच्या सरकारी इस्पितळांत चोरून, कसाबसा गर्भ पाडून घेतलेल्या बायका रक्तबंबाळ अवस्थेत यायच्या. त्यांतल्या बहुतेक गरीब असत. पैसेवाल्यांची सोय कुठेतरी होऊनच जाई. हे पाहून त्यांचं मत बनलं आणि १९६९ साली लॉरेन्स लेडर, बेटी फ्रीडन यांच्यासारख्यांबरोबर त्यांनी गर्भपातबंदीचे कायदे रद्द व्हावेत म्हणून संघटना काढली. तीच पुढे ‘नॅरल’ म्हणून प्रसिद्ध झाली. १९७० साली न्यू यॉर्क राज्याचा कायदा बदलला. बाकीची बरीचशी राज्यं अजून बंद होती, त्यामुळे बायका लांबलांबून न्यू यॉर्कला येऊ लागल्या. नॅथन्सन यांच्या देखरेखीखालच्या दवाखान्यात दीड-पावणेदोन वर्षांत सुमारे ६० हजार गर्भपात झाले. आकडा त्यांनी स्वतःच सांगितलेला आहे.

मग माणूस फिरला कुठे? एखादा साक्षात्कार झाला असेल असं वाटतं, पण तसं काही नव्हतं. दवाखाना सोडून ते एका मोठ्या इस्पितळाच्या प्रसूती विभागात गेले. तिथे गर्भाचे ठोके मोजणारी यंत्रं आली होती, पाठोपाठ सोनोग्राफी आली. आजवर ज्याच्याकडे पेशंटच्या पोटातली एक गोष्ट म्हणून पाहिलं, तोच आता दुसरा पेशंट झाला. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांनी आपल्या मनातली अस्वस्थता लिहिली. तेव्हा ते स्वतःला नास्तिक म्हणवत. कॅथलिक पंथाची दीक्षा त्यांनी घेतली ती थेट १९९६ साली. हे मुद्दाम सांगतो, कारण चित्रपटाची सगळी ताकद त्यात आहे. धर्मगुरू बोलला असता तर अर्ध्या लोकांनी टीव्ही बंद केला असता. इथे बोलत होता डॉक्टर, तोही एकेकाळी पलीकडच्या गोटात असलेला.

यंत्राचीही एक गंमत आहे. प्रसूतिशास्त्रात सोनोग्राफी रुजवणारे ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांचा पहिला गाजलेला लेख १९५८ सालचा. तेही गर्भपाताच्या विरोधात होते आणि गर्भाची हलती चित्रं लोकांना दाखवत. म्हणजे नॅथन्सन यांची कल्पना अगदीच नवी नव्हती. नवी होती ती त्यांनी दाखवलेली वेळ. रोज कितीतरी गर्भपात करणाऱ्या एका डॉक्टर मित्राला त्यांनी सांगितलं, की शस्त्रक्रिया चालू असताना सोनोग्राफी लावून ठेव आणि ती टेपवर घे.

चित्रपटात ती टेप येते तेव्हा खरं तर काही कळत नाही. करड्या-काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडावा तसा पडदा दिसतो. (आपल्यापैकी कितीजणांनी डॉक्टरांनी “हे बघा डोकं” म्हटल्यावर नुसती मान डोलावली असेल!) तिथे नॅथन्सन यांचं काम सुरू होतं. गडद सूट घातलेले, समोर गर्भाच्या प्रतिकृती मांडलेल्या, बोट मॉनिटरवर. हे डोकं, हा हात, ही आत शिरलेली सक्शनची नळी. आता तो दूर सरकतोय, आता तोंड उघडलं. चित्रपटाचं नाव त्या उघडलेल्या तोंडावरून पडलं आहे. ते शब्द नसते तर आपल्याला तोंड दिसलं असतं का? मला शंका आहे.

टीका तातडीने झाली. १२ आठवड्यांच्या गर्भाच्या मेंदूची वाढच इतकी अपुरी असते की त्याला वेदना जाणवणं किंवा त्याने हेतूने किंचाळणं शक्य नाही, असं अनेक तज्ज्ञांनी सांगितलं. ‘प्लॅन्ड पेरेंटहूड’ने बसवलेल्या डॉक्टरांच्या गटाने टेपच्या वेगावरही बोट ठेवलं: आधी सावकाश आणि नळी आत गेल्यावर भरभर. नॅथन्सन ठाम राहिले. पण मला सर्वांत नेमका वाटतो तो १९८७ साली रोझलिंड पेचेस्की या अभ्यासक बाईंनी घेतलेला आक्षेप. त्यांनी विचारलं, या चित्रात बाई कुठे आहे? गर्भ अंतराळवीरासारखा एकटाच पोकळीत तरंगतो, आणि जिच्या देहात हे सगळं घडतं ती चौकटीच्या बाहेर.

असे वाद जाणकारांत चालू राहिले. कॅसेट मात्र कधीच पुढे गेली होती. १९८५ च्या जानेवारीत जेरी फॉलवेल यांच्या टीव्ही कार्यक्रमातून ती घराघरांत पोचली. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जाहीरपणे तिची भलामण केली, व्हाइट हाउसमध्ये तिचा खेळ झाला, काँग्रेसच्या सदस्यांपर्यंत प्रती गेल्या. १९८७ साली नॅथन्सन यांनी ‘इक्लिप्स ऑफ रीझन’ आणला. त्यात गर्भ आणखी मोठा होता आणि प्रस्तावनेला चार्ल्टन हेस्टनसारखा नट होता, तरी आज नाव राहिलं आहे ते पहिल्याचंच. नॅथन्सन २०११ साली गेले. अमेरिकेतला गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो त्यानंतर ११ वर्षांनी.

आता आपल्याकडे वळू, कारण ही किंकाळी इथेही पोचली आहे. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ चा. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचा, १९८८ चा. त्यासाठी लढलेल्या मुंबईतल्या कार्यकर्त्यांना लिंगनिवड थांबवायची होती, पण बाईचा गर्भपाताचा हक्क शाबूत ठेवून. ही रेघ सांभाळणं सोपं नव्हतं. ‘भ्रूणहत्या’ हा शब्द भिंतींवर रंगला की ती पुसलीच जाते. हत्या म्हटल्यावर कायदेशीर गर्भपातासाठी आलेली बाईसुद्धा दवाखान्याच्या दारात चोरासारखी उभी राहते. म्हणून यातले जाणते लोक आजही तो शब्द टाळून ‘लिंगनिवड’ म्हणतात.

याच घोळात नॅथन्सन यांचा चित्रपट शिरला. त्याचं वर्णन करणारा एक हिंदी मजकूर वर्षानुवर्षं पुस्तिकांतून आणि आता मोबाइलवरून फिरतो आहे. तुमच्याही एखाद्या ग्रुपवर आला असेल. चित्रपटातला गर्भ १२ आठवड्यांचा होता आणि मुलगा की मुलगी हा तिथे मुद्दाच नव्हता. आपल्याकडच्या मजकुरात तो १० आठवड्यांचा झाला आहे, आणि ती मुलगी आहे.

पुढच्या भागात : इयन डोनाल्ड यांचं यंत्र ग्लासगोहून तालुक्याच्या गावापर्यंत कसं आलं.