डिस्क हरवत नाही, तिचे नाव बदलते

म्हैसूरच्या प्राच्यविद्या संशोधन संस्थेत आर. शामशास्त्रींनी १९०५ मध्ये कौटिल्याच्या अर्थशास्त्राची ताडपत्रावरची पोथी ओळखली ती मजकूर वाचून. पोथी कोणत्या फडताळात आहे याचा त्या ओळखीशी काही संबंध नव्हता. आज त्याच शहरातल्या भारतीय भाषा संस्थानात मराठीसह अनेक भाषांचा मजकूर संगणकीय रूपात जमवला जातो. असा ठेवा ज्या डिस्कवर असतो तिलाही नेमका हाच नियम लावायला हवा. लिनक्सवर ‘डिस्क गायब झाली’ म्हणून धावपळ उडते तेव्हा पुष्कळदा डेटा जागच्या जागी असतो, चुकलेला असतो तो फक्त पत्ता.

लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जी डिस्क आधी सापडते तिचे नाव एसडीए, पुढचीचे एसडीबी. यूएसबी डिस्क लावलेली राहिली, केबल दुसऱ्या पोर्टात गेली किंवा कर्नल बदलला की हा क्रम बदलू शकतो. २००७ मध्ये फेडोरा ७ आले तेव्हा जुन्या आयडीई डिस्कसुद्धा एचडीएऐवजी एसडीए म्हणून दिसू लागल्या. डिस्कवरचे एक अक्षरही हलले नव्हते, पण एफस्टॅबमध्ये, म्हणजे कोणते पार्टिशन कुठे जोडायचे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहिलेली जुनी नावे निरुपयोगी झाली. आजही तिथले नाव सापडले नाही तर बूट सांभाळणारी सिस्टिमडी साधारण ९० सेकंद वाट पाहते आणि, नोफेल हा पर्याय दिलेला नसेल तर, संगणक इमर्जन्सी मोडमध्ये जातो. मग घाबरून कोणी पार्टिशन नव्याने पाडतो, आणि खरे नुकसान तिथे होते.

२००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलपासून लिनक्समध्ये असलेला, आभासी डिस्क खऱ्या डिस्कवर कुठे आहे याचा तक्ता ठेवणारा डिव्हाइस मॅपर पाहिला की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. डीएमसेटअप या त्याच्या आदेशाला तक्ता मागितला की अशी ओळ मिळते: ‘० २०९७१५२ लिनिअर ८:३ २०४८’. आभासी डिस्कचे पहिल्यापासूनचे २०,९७,१५२ सेक्टर, म्हणजे प्रत्येकी ५१२ बाइटच्या हिशेबाने १ गिबीबाइट, ८:३ या उपकरणावर २०४८ क्रमांकाच्या सेक्टरपासून आहेत, एवढाच तिचा अर्थ. ८:३ म्हणजे त्या घटकेचे एसडीए३. उद्या डिस्कचा क्रम बदलला तर तेच पार्टिशन एसडीबी३, म्हणजे ८:१९ होईल. तरी अशा तक्त्यांवर आभासी डिस्क उभारणारे एलव्हीएम गोंधळत नाही. प्रत्येक फिजिकल व्हॉल्यूमच्या, म्हणजे एलव्हीएमला दिलेल्या डिस्कच्या किंवा पार्टिशनच्या, सुरुवातीला त्याचा यूयूआयडी, म्हणजे स्वतंत्र ओळखक्रमांक, लिहिलेला असतो आणि तो वाचूनच हा तक्ता दर बूटला नव्याने मांडला जातो. एलव्हीएम जी काळजी घेते ती एफस्टॅबमध्ये नावाऐवजी यूयूआयडी लिहून आपण का घेऊ नये?

एकाच डिस्कच्या लॅपटॉपवर हे सोपस्कार कशाला, असे कोणी म्हणेल. दुसरी डिस्क जोडेपर्यंत ते खरे आहे. ३२ अंकांचा यूयूआयडी डोळ्यांना वाचवत नाही, हीही तक्रार रास्त. त्यासाठी लेबल देता येते. सर्वात वजनदार आक्षेप वेगळा आहे: डिस्कची हुबेहूब प्रत काढली की यूयूआयडीचीही प्रत निघते आणि ओळख दुहेरी होते. पण प्रतीला नवा यूयूआयडी देता येतो. ईएक्सटी४ साठी ट्यून२एफएस आहेच. शिवाय सीरियल क्रमांकावरून बनणारी बाय-आयडी नावे दोन्ही डिस्क वेगळ्या दाखवतात. एसडीए-एसडीबीला असा कोणताच आधार नाही.

म्हणून डिस्क दिसेनाशी झाली की आधी एलएसबीएलके आणि ब्लकआयडी चालवा. दोन्ही डिस्कवर काही लिहीत नाहीत. यूयूआयडी दिसला तर एफस्टॅब दुरुस्त करा. नाहीच दिसला, तर संपूर्ण डिस्कची प्रत निघेपर्यंत पार्टिशन पाडणाऱ्या एफडिस्कमधून एक अक्षरही लिहू नका.